मनूस, पोमेरानियाच्या पानाबद्दल

सातारा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी ‘कर तुला काय करायचं ते’ म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात दिला, ते काही बरं केलं नाही. तीही दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. पासपोर्टचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय. तू पाठवलेल्या पानाबद्दल लिहितो.

जावईबापूंच्या खापरपणजोबांच्या लग्नाची नोंद अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या चर्चच्या वहीत मिळाली आणि पाद्रीबुवांनी जर्मनीतलं गावही लिहून ठेवलंय, हे वाचून मी एकटाच टाळी वाजवली. तीन वर्षं तुझी सासरची मंडळी ‘आम्ही ब्रेमेनचे’ म्हणत होती. अगं, ब्रेमेन हे बंदर! आपला माणूस मुंबईत बोटीत चढला म्हणून मुंबईचा होतो का? आणि ब्रेमेनच्या उतारूंच्या याद्या तरी कुठे राहिल्यात? जागा पुरत नाही म्हणून १८७५ पासून तीन वर्षांहून जुन्या याद्या नष्ट करायचे, आणि नंतरच्या बऱ्याचशा महायुद्धात गेल्या. ३६ वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या माणसाला हे वाचवत नाही. हॅम्बुर्गकरांनी १८५० पासूनच्या जपल्या, पण हे गृहस्थ नेमके तिथून निघाले नसावेत.

गावाच्या नावात तू जिथे ‘एन’ वाचलास तिथे मला ‘ई’ वाटतो. भिंगाखाली बघ. त्या जुन्या जर्मन वळणात दोन्हीला दोन उभ्या रेघा, पण ‘ई’च्या अगदी खेटून. ‘यू’वर मात्र बारीक चंद्रकोर काढतात, तेवढी दया. पाचवीत तुला मोडी शिकवायला घेतली तेव्हा ‘बाबा, शब्द तोडलेलेच नाहीत’ म्हणून रडायचीस. आता परक्या लोकांची मोडी लावतेस. शेजारच्या काकांना ते पान दोनदा दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, तरी.

एक ध्यानात ठेव. प्रशियात सरकारी जन्मनोंद ऑक्टोबर १८७४ पासूनची. तुमचे खापरपणजोबा १८५७चे, म्हणजे चर्चचीच वही शोधायला हवी. गाव तेव्हा प्रशियाच्या पोमेरानिया प्रांतात, आज पोलंडात. स्टेटिनला आता श्चेचिन म्हणतात, तिथल्या अभिलेखागाराला आधी पत्र घाल, मग तिकिटं काढा. आणि नाव जुळलं की माणूस जुळला असं समजू नकोस. त्या भागात एकाच गावात एकाच नावाचे चार-चार निघतात. बापाचं नाव, आईचं माहेर आणि साल, तिन्ही बसल्याशिवाय शाईनं लिहायचं नाही. कितीदा सांगितलं... बघ, लागलो शिकवायला. माफ कर.

दुसरा कागदही पाहिला, नागरिकत्वाच्या अर्जाचा. १८८१ला उतरला आणि पुढे जर्मनीच्या सम्राटाशी असलेली निष्ठा कायमची सोडतो, असं लिहून दिलं. सहीच्या शेवटच्या अक्षरावर शाई फुटली आहे. पेन जरा जास्त वेळ टेकला असेल. पुढच्या महिन्यात तिथल्या नागरिकत्वाच्या शपथेला हात वर करून तू जे म्हणणार, त्यातही तेच आहे की. सम्राटाच्या जागी आम्ही.

नाही लिहिणार म्हटलं होतं.

त्याची आई त्या लग्नाच्या नोंदीत फक्त नावापुरती आहे. ती किती वर्षं जगली, त्याला कधी कळलं, हे कुठल्याच कागदात मिळणार नाही. तू म्हणालीस, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, जन्मभर येता-जाता येतं. येतं गं. व्हिसा लागत नाही म्हणून कोणी येतं असं थोडंच आहे? तुझ्या आईचा गुडघा काही तिथवर यायचा नाही.

आजीच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो, आठवतं? उपाध्यायांनी लाल फडक्यातून वही काढली, आणि ते चष्मा शोधेपर्यंत तू माझ्या पणजोबांची मोडी सही बोट ठेवून वाचलीस. नऊ वर्षांची होतीस. गुरुजी म्हणाले, ‘मुलीची जात, हिचं नाव पुढे सासरच्या पानावर जाणार.’ मला तेव्हा राग आला होता. परवा मीच त्यांच्या मुलाला फोन लावला. म्हटलं, आमच्या पानावर मुलीचं नाव घाला, जावयांचंही घाला. तो तयार झाला. फक्त विचारतोय, जावयांचं मूळ गाव काय लिहू?

मिलवॉकी सांगायला जीभ वळेना. तेव्हा तो ‘ई’ की ‘एन’ ते एकदा नक्की कर, आणि गावाचं नाव तुझ्या आवाजात म्हणून पाठव. देवनागरीत मी बसवतो.

तुझे,
बाबा