चाड्यावर मूठ धरण्याआधी

18 मे

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. 25 वर्षं खुर्चीत बसलेला माणूस यंदा वडलांचं रान स्वतः करणार, हे वाचून आधी हसलो आणि मग घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आबा कावळ्याचं घरटं बघून, पावशा पक्ष्याची हाक ऐकून पावसाचं सांगायचे, त्यातलं खरं किती, असं तू विचारलंयस. दोन ओळींत सांगता आलं असतं तर फोनच केला असता. म्हणून कागद घेऊन बसलोय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. तुला हे आजवर सांगितलेलं नाही. एका वर्षी पंचांगात मृग नक्षत्राचं वाहन हत्ती होतं, म्हणजे पाऊस भरपूर. पावशा पहाटेपासून बांधावरच्या लिंबावर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ करून कान किटवत होता. मृग निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी दणकून पाऊस झाला, तासाभरात ताली भरल्या. मी दुसऱ्याच दिवशी चाड्यावर मूठ धरली, म्हणजे पेरायला लागलो. शेजारचे तात्या बांधावरून एवढंच म्हणाले, ‘घाई होतेय रे.’ मी कशाला ऐकतोय! त्यानंतर पावसानं 21 दिवस दडी मारली. सोयाबीन दोन पानांवर आलं आणि तिथंच करपलं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलं.

त्या वर्षापासून मी या सगळ्या खुणांकडे नीट बघायला लागलो. रागानं म्हण हवं तर.

पावशाचंच घे. तो मार्चपासून ओरडत असतो. भर उन्हात, जवळपास ढगाचं नाव नसताना. त्याची अंडी घालायची जागा म्हणजे सातभाई पक्ष्याचं घरटं. त्याच्या विणीचा हंगाम सुरू असतो आणि तो जोडीदारणीला हाका मारत असतो. ‘पेर्ते व्हा’ आपण त्याच्या तोंडी घातलं, कारण त्या दिवसांत आपल्या डोक्यात दुसरं काही नसतं. चातकाची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे पावसाळ्यात दिसणारे चातक आफ्रिकेतून येतात, नैऋत्येचे वारे पाठीशी घेऊन. म्हणजे तो भविष्य सांगत नाही, पावसाच्याच गाडीनं प्रवास करतो. डोक्यावर तुरा असलेला तो काळा-पांढरा पक्षी दिसला की वारं फिरलंय एवढं धरायला हरकत नाही.

कावळ्याचं आबा म्हणायचे ते मलाही पाठ आहे. घरटं झाडाच्या पूर्वेला तर पाऊस चांगला, पश्चिमेला तर मध्यम, अगदी शेंड्यावर बांधलं तर दुष्काळ. बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधलं तरी वाईटच. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याकाठी एकाच आंब्यावर दोन घरटी होती, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. आता यातल्या कुणाचा कौल घ्यायचा? टिटवीचंही तसंच. तिनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जोराचा, नदीच्या पात्रात घातली तर कमी, असं म्हणतात. पात्रातल्या वाळूत चार अंडी मी डोळ्यांनी पाहिलीत, आणि आठवड्यानं आलेल्या पुरात ती वाहून गेलेलीही पाहिलीत. टिटवीनं बिचारीनं आज पाणी कुठं नाही एवढंच बघितलं होतं.

वाहनाचा हिशेब तर तुझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्याला आवडेल. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल तिथपर्यंत मोजायचं आणि 9 नं भागायचं. बाकी 1 उरली तर घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस, 8 गाढव, आणि काहीच उरलं नाही तर हत्ती. संपला पावसाचा अंदाज! यात ढग कुठंच नाहीत. शिवाय महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या म्हसवडला जेमतेम पाचशे, पण हत्ती दोन्हीकडे एकच.

मात्र नक्षत्रं तेवढ्यासाठी फेकून देऊ नकोस. तिथं मी आबांच्या बाजूचा आहे. रोहिणी 25 मेच्या सुमारास, मृग 7-8 जूनला, मग आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, असं साडेतेरा-साडेतेरा दिवसांचं ते कॅलेंडर आहे, आणि कामाची वाटणी त्यावर छान बसते. त्यातल्या म्हणी नीट ऐक. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती.’ स्वातीत पाऊस पडेल, असं ती कुठं म्हणते? ऑक्टोबरच्या शेवटी पडलाच तर रब्बीच्या ज्वारीचं सोनं होईल, एवढंच म्हणते. ‘पडतील मघा तर चुलीपुढे हगा’, ही आपण शाळेत असताना एकमेकांना सांगून खिदळायचो, तीही तशीच: झड अशी लागेल की उंबऱ्याबाहेर पाय टाकता येणार नाही. कोणत्या पावसानं पिकाचं काय होतं याची ती टिपणवही आहे. आपण तिला भविष्य समजतो आणि मग ती खोटी पडली म्हणून तिच्यावर चिडतो.

आणि कॅलेंडरही हळूहळू सरकतं बरं का. हा हिशेब ताऱ्यांचा, ऋतू मात्र सूर्याच्या कलण्यावर चालतात, म्हणून साधारण 72 वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. हजारेक वर्षांत अख्खं एक नक्षत्र मागं-पुढं होतं. त्यात मोसमी पावसाचा लहरीपणा वेगळाच. 2025 साली तो केरळात 24 मेला आला आणि 26 मेला मुंबईत. तेव्हा रोहिणी नुकती लागली होती, मृगाला अजून बारा-तेरा दिवस होते. उलट 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. म्हातारा झाला, आसळका म्हणजे आश्लेषा गेल्या, मघा गेल्या, आणि आम्ही नुसते आभाळाकडे बघत बसलो.

भेंडवळलाही मी एकदा जाऊन आलोय. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात: 18 प्रकारची धान्यं गोल मांडलेली, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्यानं भरलेली घागर. रात्री तिथं कुणी थांबत नाही. पहाटे कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा हलला, यावरून भाकीत सांगतात. पानविडा म्हणजे राजा, तो हलला का तेही बघतात! चंद्रभान महाराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केलेली ही रीत. अंधश्रद्धा निर्मूलनवाले तिला विरोध करतात, आणि तर्क त्यांच्याच बाजूला आहे. पण त्या पहाटे माझ्या बाजूला उभा असलेला एक म्हातारा भाकीत ऐकून म्हणाला, ‘चला, आता नांगरट तरी उरकू.’ ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

मग खरं काय? तासा-दोन तासांचं, फार तर उद्याचं सांगणाऱ्या खुणा बऱ्याचशा खऱ्या. कारण त्या खुणा पुढचं सांगतच नाहीत, आत्ता हवेत जे बदललंय ते दाखवतात. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, कारण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं. गूळ पाझरतो, सुंभाची गाठ सुटता सुटत नाही, दार चौकटीत अडकतं. चंद्राला मोठं खळं पडतं ते खूप उंचावरच्या पातळ ढगातल्या बर्फाच्या कणांमुळं. असे ढग पुष्कळदा मोठ्या पावसाच्या पुढं चालतात. म्हणून तात्या म्हणतात, खळं लांब तर पाऊस जवळ. चंद्राला चिकटलेलं बारकं कडं ते हिशेबात धरत नाहीत. वाऱ्यावर ओल्या मातीचा वास आला, तर पलीकडच्या शिवारात कुठंतरी पडलाय. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढायला लागल्या की मीही आता वाळत घातलेलं धान्य आत घेतो, विचार करत बसत नाही.

कावळा मात्र चार महिन्यांचं सांगू शकत नाही. हवामान खात्यालासुद्धा ते अवघड जातं. 1886 मध्ये त्यांनी पहिला हंगामी अंदाज हिमालयातल्या बर्फावरून दिला होता. म्हणजे साहेबही खूण शोधतच होता. फक्त ती मोजून वहीत लिहीत होता. तू वहीवाला हो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो तो बघत जा. फोनवर दामिनी ॲप घे, वीज जवळ आली की सांगतं. एक पर्जन्यमापक लाव. एकूण 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं नाही. आणि आकडा झाला तरी आधी खुरपं घेऊन रानात जायचं, ओल वीतभर खाली गेलीय का बघायचं. मुठीत घेतलेल्या मातीचा लाडू वळला पाहिजे आणि खाली सोडल्यावर फुटला पाहिजे. तो वापसा. त्या वर्षी तात्यांनी पेरलं ते असं, माझ्यानंतर पंचवीस दिवसांनी. त्यांचा पावशाही तोच होता, लिंबावरचा.

आबांची आठवण येते. कावळ्याचं घरटं बघून ते पावसाचं सांगायचे खरं, पण पेरायच्या आदल्या दिवशी रानात उकिडवे बसून माती हुंगताना मी त्यांना कितीदा पाहिलंय. तुला ते आठवतं का? तेव्हा तू बहुधा शहरात गेला होतास.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पहिला पाऊस झाला की खुरप्याला ओल किती लागली ते कळव, किती मिनिटं पडला ते नको.

तुझा,
दत्ता

ता. क. – बियाणं पिशवीवर भरवसा ठेवून टाकू नकोस. 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव. 70 तरी उगवले पाहिजेत, कमी निघाले तर लगेच फोन कर, माझ्याकडं घरचं आहे.