फिजिओ ताईंना, ऑपरेशनच्या आधीच

ताई, सप्रेम नमस्कार.

ऑपरेशन नीट पार पडलं की आभार मानायची रीत आहे. मी आधीच मानतेय. तुम्हाला जे करायचं होतं ते तुम्ही करून मोकळ्या झालात; पुढचं सर्जनच्या हातात, आणि थोडंफार आई तुळजाभवानीच्या.

कंबरेतला एल-४ चा मणका खालच्या एल-५ वरून पुढं सरकलाय, नस दबलीय, स्क्रू टाकून दोन्ही मणके जोडावे लागतील, हे कळल्यापासून घरी-दारी एकच पालुपद होतं: "मणक्याला हात लावू देऊ नको, माणूस अंथरुणाला खिळतो." चार पावलं चालले की डाव्या पायाला मुंग्या येऊन खाली बसावं लागत होतं, ते कुणाला दिसत नव्हतं. मला एवढंच विचारायचं होतं की पोरींना खो-खो शिकवता येईल का. कुणी म्हणे, आता बास कर. कुणी म्हणे, काही होत नाही, पहिल्यासारख्या पळाल. तुम्ही तेवढ्या म्हणालात, "आधी तुमचं मैदान दाखवा."

आणि दवाखाना आटोपून एसटीनं खरंच आलात. वही उघडून खांबाजवळ बसलात आणि मी काय काय करते ते टिपत राहिलात. चौकात बसून उठते, मान-कंबर पिळून खो देऊन दाखवते, वाकून पोरींच्या पायाची ठेवण नीट करते, मध्येच एखादा सूर मारून दाखवते. सराव संपल्यावर विचारलंत, "ह्यातलं तुम्हीच करायला पाहिजे असं काय आहे?"

खरं सांगू? राग आला होता. हा धाराशिव जिल्हा आहे. खो-खो खेळणाऱ्या सारिका काळे इथल्याच, २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. इथं आई-बाप स्वतः पोरींना मैदानावर आणून सोडतात आणि कडेला उभं राहून शिकवणारीला जोखतात. जिला स्वतःला सूर मारता येत नाही तिनं काय शिकवायचं, असं वाटलं. तुम्ही वाद घातला नाहीत. वही माझ्याकडं सरकवली आणि जे दुसरी कुणी करू शकते त्यावर मलाच काट मारायला लावलीत. सूर मारून दाखवायला माझी कर्णधार आहे, माझ्यापेक्षा चांगला मारते. चौकात बसायला तर आठजणी असतातच. शेवटी उरलं काय? चालणं, उभं राहणं, आणि वाकून पाय बघणं.

त्या वाकण्यापायी तुम्ही माझा घाम काढलात. काठी पाठीला उभी लावली: डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेले राहिले पाहिजेत, आणि वाकायचं ते खुब्यातून, गुडघे सैल सोडून. पहिल्यांदा माकडहाडाजवळ काठी सुटायची. मग जमलं. तेव्हाच सांगितलंत की एक जोड पक्का झाला म्हणून सगळं वाकणं जात नाही, बरंचसं खुबे करतात. मात्र जोडाच्या वरच्या मणक्यावर ताण वाढतो, म्हणून आदळआपट नको.

तीच यादी सर्जनपुढं ठेवली. त्यांनीही एकेका ओळीवर बोलायला वेळ दिला. चालणं दुसऱ्या दिवसापासून. वाकणं, पिळणं, वजन उचलणं साधारण तीन महिने बंद. स्क्रू आणि सळ्या फक्त धरून ठेवतात, खरा जोड हाडानंच धरायचा असतो, जसं कलम बांधल्यावर फांदी आपली आपण धरते. त्याला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. मैदानावर शिट्टी घेऊन उभं राहायला हरकत नाही, कधीपासून ते एक्स-रे बघून. सूर मात्र कायमचा नाही. ऐकून वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. ती ओळ मी आधीच खोडलेली होती.

बाकीच्या गोष्टी तुम्ही इतक्या सहज विचारल्यात की त्यांचं मोल नंतर कळलं. "नळाला पाणी आलं की घागरी कोण उचलतं?" आमच्याकडं नळ रोज येत नाही, आला की अर्धा तास नुसती पळापळ. आता ते काम पोरानं आणि त्याच्या बाबांनी वाटून घेतलंय, कुरकुरत का होईना. संडासात खुर्चीचा कमोड बसवून झाला. कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायची सवय आत्तापासूनच लावून घेतलीय. आणि मिश्री! तुमच्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही ते विचारता. तंबाखू पुरुषांनाच विचारायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. हाड जुळताना निकोटीन आड येतं, मग ते विडीतून येवो की मिश्रीतून, हे माझ्या सासूबाईंनी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी डबी सोडली नाही, पण लपवायला लागल्यात.

लघवीवरचा ताबा गेला किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठायचा, हे तुम्ही लिहून दिलेलं फ्रीजवर चिकटवलंय. घरात सगळ्यांना पाठ झालंय.

धाराशिवहून तुळजापूरला पायी जायचंय म्हटलं तर तुम्ही नको म्हणाला नाहीत. "ह्या वर्षी नाही" म्हणालात.

मी नसताना सराव कर्णधार घेणार आहे. पोरींना तो काठीचा व्यायाम भलताच आवडलाय, सुरुवातीला तोच करतात. सातवीतली ती उंच पोरगी मात्र अजून पाठीतूनच वाकते. तुम्हाला सवड झाली तर एकदा येऊन तिला बघा. एसटी चारला सुटते.

तुमची,
खो-खोवाली बाई