त्या मारकुट्या काळीले एवढ्यात विकू नको

प्रिय गजू,

तुह्या व्हिडीओ पाह्यला. फोनवर बोललं का अर्धं राहून जाते, म्हणून लिहूनच काढतो.

तुह्या काळी कोंबडीनं बाजारातून आणलेल्या तलंगीची, म्हणजे तरण्या कोंबडीची, मान धरली, पाठीवरचे पंख उपटले, अन् वहिनी म्हणते का रविवारी रस्सा करून मोकळं व्हा. माह्यं ऐक, घाई करू नको. ती गेली तर दुसऱ्या नंबरची तिच्या जागेवर येईन अन् तीही तेच करन, कारण खुराड्यात जे कमी आहे ते कमीच राहीन.

कोंबड्याईत नंबर असते हे आपल्या आजीले कोणी शिकवलं नव्हतं तरी माहीत होतं. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे नावाच्या माणसानं लहानपणापासून कोंबड्या पाहून 1922 मध्ये ते लिहूनही ठेवलं, कोण कोणाले टोचते अन् कोण मुकाट बाजूले सरकते. एक-दोन टोचा बसल्या, खालची सरकली, विषय संपला, त्यात आपण पडायचं नाही. पण रक्त निघून राहिलं, किंवा एखादी भीतीनं दाण्यावरच येत नाही, तर मग हात घालावाच लागते.

पहिले हे पाह्य का काळी खुडूक तर नाही. दिवसभर खोक्यात बसते, जवळ गेलं का अंग फुगवून कुरकुर करते अन् हातावर चोच मारते, असं असन तर ती वाईट नाही, तिले पिल्लं काढायची आहेत. खाली अंडे ठेव, आडोसा कर, 21 दिवस तिच्या वाटेले जाऊ नको. पिल्लं निघाल्यावर तर ती अजून तापट होईन, अन् व्हायलाच पाहिजे, घार आली तर तीच अंगावर जाते.

खुडूक नसन तर मग दाणापाणी पाह्य. तू सांगितलं का ज्वारी अन् कणकीवर भागवतो. अंड्यावरच्या कोंबडीले खाण्यात 16 ते 18 टक्के प्रोटीन लागते, नुसत्या कणकीत ते मिळत नाही, अन् प्रोटीन कमी पडलं का कोंबड्या एकमेकीचे पंख उपटून खातात. घरी सोयाबीन आहे म्हणून कच्चं टाकू नको भाऊ, ते पचत नाही, चांगलं भाजून भरडून दे. सरकीची ढेप तर दाखवूही नको, तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी पदार्थानं अंड्याचा बलक खराब होते. वावरातल्या धुऱ्यावर उधईचं वारूळ असनच, त्यातली उधई आणून टाक, तुटून पडतात.

अन् भांडं एकच आहे ना तुह्याकडे? तिथंच सगळं अडते. काळी त्या भांड्यावर उभी राहते, बाकीच्या उपाशी. दाण्याचे दोन, पाण्याचे दोन ठेव, अन् असे ठेव का एकाजवळून दुसरं दिसणार नाही, मधात भिंत किंवा जुनी खाट. मे महिन्यात आमच्या चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जाते, तुह्या यवतमाळकडेही काही कमी नसते. कोंबडीले घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, सगळ्या एकाच सावलीत दाटतात अन् मारामारी अजून वाढते. सावलीत गार पाण्याचे गाडगे जास्तीचे ठेव. खुराड्यात एकीमागं 2 ते 2.5 चौरस फूट तरी जागा पाहिजे.

आता मेन गोष्ट. तू तलंगीले वेगळं ठेवलं म्हणे. जखम आहे तोवर ठेव, हळद अन् कडुलिंबाचं तेल लाव, लाल दिसलं का बाकीच्याही तिथंच टोचतात. पण तिले वेगळं ठेवल्यानं काळीची खोड जाणार नाही, उलट तलंग परत गेली का सगळ्याईले परकी वाटन अन् अजून मार खाईन. काढायचं ते मारणारीले. काळीले डाल्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपल्याखाली टाक, दाणापाणी नीट दे, पण बाकीच्या दिसणार नाही असं लांब, चार-पाच दिवस. तेवढ्यात मागं नवे नंबर लागतात. मग रात्री अंधारात, सगळ्या झोपल्यावर, तिले हळूच आत सोड. सकाळी ती पहिली राहत नाही, तिलेच नव्यानं जागा शोधावी लागते. परत सुरू केलं तर परत काढ, या खेपेले जास्त दिवस.

तिची चोच तापवून कापायचं कोणी सांगितलं तर ऐकू नको. चोचीच्या टोकाले नसा असतात, भल्ली कळ लागते तिले.

अन् पुढच्या वेळी बाजारातून एकटी तलंग आणू नको, दोघी आण, म्हणजे सगळा मार एकीवर येत नाही. दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेव, मानमोडी रोगाचा भरोसा नाही, मग काही दिवस जाळीपलीकडून दिसू दे, मग सोड.

मले एक शंका आहे, काळी असीलची क्रॉस असन. असील लढाऊच जात आहे. तसं असन तर हे सगळं करूनही ती गरीब होईलच असं नाही, मग तिले वेगळा कप्पा करून दे, पण ठेव, अशी आई पिल्लाईले दुसरी भेटत नाही. तिचा उभी असतानाचा फोटो पाठव, पाय अन् मान नीट दिसली पाहिजे, अन् ती अंडे देऊन राहिली का बंद आहे तेही लिही. डालं नसन तर माह्याकडं एक जास्तीचं आहे, शनिवारी यवतमाळले येतो तेव्हा घेऊन येईन.

तुह्या,
सुभाष