बाबा, तुम्ही फक्त जेवणच सांगायचात

डोंबिवली, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही. दोन वाक्यं झाली की ते "घे, तुझ्याशीच बोलू दे तिला" म्हणत फोन आईकडे देतात. आजचं बोलणं मुख्यतः बाबांशी आहे, म्हणून लिहायला बसले. लोकलचा मेगाब्लॉक आहे, त्यामुळे कुठे जायचा प्रश्नच नाही.

मंगळवारी संध्याकाळी आमची गाडी माटुंगा सोडून शीवच्या अलीकडे उभी राहिली. रुळांवर पाणी. तो दिवस सकाळपासूनच वाकडा होता. नळाला दोऱ्याएवढी धार, लिफ्ट बंद, आणि चिरंजीवांना शाळेत लागणाऱ्या चार्ट पेपरची आठवण बूट घालताना झालेली. ऑफिसचं तर लिहीतच नाही. गाडी थांबली तेव्हा मोबाइलची बॅटरी 4 टक्के होती आणि मी मनातल्या मनात येत्या रविवारच्या फोनची तयारी करत होते. आईला काय काय सांगायचं, कुठल्या क्रमानं सांगायचं, सगळं ठरलं होतं.

तासाभरानं एक बाई म्हणाली, "बस गं, किती वेळ उभी राहशील." बाबा, आमच्याकडे तिघींच्या बाकावर चौथी सीट असते, तीसुद्धा अर्धी हवेत. पाचवी नसतेच. त्या चौघींनी पोटं आत घेऊन ती केली. समोरची मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होती, तिला मी हात लावला. कुणाचा तरी वाढदिवस होता, त्यातला ढोकळा उरला होता. आणि बदलापूरला जाणाऱ्या एका मावशींनी डबा उघडून लसणाच्या चटणीची पोळी गुंडाळून हातात दिली. घेऊ का नको करत होते, तर म्हणाल्या, "सकाळची आहे, पण चांगली आहे."

पहिला घास घेतला आणि तुमची एसटीची मुक्कामी गाडी आठवली.

रात्री साडेनऊला देवळापाशी लागणारी आणि पहाटे सहाला परत निघणारी. सकाळी घरी आलात की तिकिटांची पेटी खाली ठेवायच्या आधी तुमचं पहिलं वाक्य जेवणाचं असायचं. "काल हुलग्याचं माडगं होतं." "काल नाचणीची भाकरी नि सुकट, वर ताक." मला कितीतरी वर्षं वाटायचं की रोज वेगळ्या गावात जेवायला जाणं हीच कंडक्टरची नोकरी. चौथीत 'माझे बाबा' निबंधात तसं लिहिलंही होतं, आणि बाई एवढ्या हसल्या की मला राग आला होता.

बाकीचं मला आईनं सांगितलं, तेसुद्धा माझ्या लग्नानंतर. गाडीतल्या बाकावर झोपायचं, अंगावर ओला खाकी, उशाला कॅशची पिशवी, म्हणजे झोप कसली. सुट्ट्या पैशांवरून होणारी रोजची भांडणं, तिकिटामागे लिहून दिलेली बाकी. यातलं एक अक्षर तुम्ही दारात उच्चारलं नाहीत. कुणी वाढलं, काय वाढलं, एवढंच.

आणि मी दर रविवारी वीस मिनिटं पाणी, लिफ्ट आणि लोकल ऐकवते. पाचव्या सीटबद्दल कधी बोलले असेन असं मला आठवत नाही. तर आज तुमच्या पद्धतीनं सांगते. मंगळवारी दोन तास दहा मिनिटांत लसणाच्या चटणीची एक पोळी, ढोकळ्याचे दोन तुकडे, आणि उतरताना निवडलेली अर्धी जुडी मेथी. "आता घरी जाऊन कधी निवडशील," म्हणाली ती. ती मेथी रात्री पावणेबाराला कढईत परतली. तुमच्या जावयांनी ती उभ्या उभ्या खाल्ली.

पण बाबा, तुमची पद्धत मला अर्धीच पटते. 26 जुलै 2005 आठवते का? मी दोन रात्री ऑफिसात अडकले होते, फोन बंद, आणि तुम्ही स्टँडवर मुंबईकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत होतात. फोन लागल्यावर मला काय म्हणालात? सांताक्रूझला 944 मिलिमीटर झाला म्हणे, आपल्या महाबळेश्वरचा पाऊस पत्ता चुकला! मी हसले. त्या दोन दिवसांत काय जेवलात ते मात्र सांगितलं नाहीत. काहीच जेवला नव्हतात, हेही आईकडूनच कळलं.

आणि आता आई तुमचंच बघून शिकली आहे. गेल्या महिन्यात मी फोनवर तब्येत विचारली, तर म्हणाली, "पडवळ काय सुरेख आलंय यंदा." ती जिना बसत बसत उतरते हे मला शेजारच्या काकूंनी कळवलं. आई, पडवळाचं मला कौतुक आहेच, पण गुडघ्याचं आधी सांगायचं. मी ऐकवते ना लिफ्टचं? मग तूही ऐकव.

2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून बाबा काही काम नसताना कराडला चक्कर मारून येतात, हे मला माहीत आहे. गाडीचा आवाज ऐकायला जातात, दुसरं काय! पुढची चक्कर दोघांनी मिळून मारा. आईला अर्धंच तिकीट पडतं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांची गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. जुना एक्सरे कपाटात वरच्या फळीवर, साड्यांच्या खाली आहे.

गौरींना आम्ही तिघंही येतोय. त्याआधी मला उत्तर पाठवा, बाबांच्या हातचं. डॉक्टर काय म्हणाले ते आधी लिहा. कराडला काय खाल्लंत ते नंतर.

तुमची,
ताई