माळेगावच्या यात्रेतून बाळाला खेळणं नेताना

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माळेगावची यात्रा तोंडावर आली आहे. घोडे, उंट, कुस्त्या, लावणी यांच्या बातम्या तुम्ही दरसाल भरभरून छापता. यंदा खेळण्यांच्या पालांकडेही वाचकांचं लक्ष वेधावं, म्हणून हे पत्र. यात्रेतून नातवंडासाठी काही घेतल्याशिवाय आजी-आजोबांचा पाय निघत नाही, आणि वर्षाच्या आतलं लेकरू हातात आलेली वस्तू आधी तोंडात घालतं.

मी अंगणवाडी सेविका होते. आता घरी आठ महिन्यांचा नातू आहे. त्याच्या बारशात कुणीतरी प्रेमानं दिवा लागणारं खेळण्यातलं बदक दिलं. त्याच्या पोटाखालचं झाकण मी नुसत्या नखानं उघडलं, स्क्रू नव्हताच. आत शर्टाच्या बटणाएवढे चपटे सेल. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, किती वयासाठी ते नाही, आयएसआयचा शिक्का नाही. तसलंच बदक बाजारात दिसलं तेव्हा दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "ताई, समदेच नेतेत, काई होत नाही."

होतं, भाऊ. हा सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळं त्यातून वीज वाहू लागते आणि दोन तासांतसुद्धा आतून भाजून खोल जखम होते. दिवा लागत नाही म्हणून काढून टाकलेला सेलही हे करू शकतो. रात्री एखाद्या वाडीवरून नांदेड गाठायला आणि दुर्बिणीनं सेल काढणारा डॉक्टर मिळायला तेवढा वेळ सहज जातो. लेकरानं सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, सकाळची वाट पाहू नये, थेट मोठा दवाखाना गाठावा.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्याशिवाय खेळणं विकणं हा गुन्हा आहे. चिन्हाखाली सीएम/एल लिहून परवाना क्रमांक असतो; तो मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. नातवाला मोबाइल दाखवण्यापेक्षा मोबाइलचा हा उपयोग कितीतरी चांगला. दोन वर्षांखालच्या लेकरांना मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच, असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

घरी तपासायची माझी रीत साधी आहे. दहा रुपयांच्या नाण्याहून लहान, तेवढाच किंवा थोडाच मोठा भाग सुटा होत असेल, तर ते खेळणं तीन वर्षांपर्यंत द्यायचं नाही. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं ओढून बघायची. वीतभरापेक्षा लांब दोरी नको. उग्र वास येणारं, रंग हाताला लागणारं खेळणं तर घरातच नको. रंगात शिसं असलं तर ते चोखण्यातून पोटात जातं आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. आणि बायांनो, मनगट्यांचे काळे मणीसुद्धा लेकरू चावतं. दोरा जुना झाला की मणी सुटतात, तेवढं बघत जा.

मग द्यायचं काय? पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, तेव्हा आईचा चेहरा आणि ठळक काळ्या-पांढऱ्या रंगाचं कापड पुरे. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मुठीत मावेल पण घशात जाणार नाही असा खुळखुळा. पाळण्यावर टांगलेल्या चिमण्या मात्र बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं की काढून टाकाव्यात. माझ्या नातवाला सध्या स्टीलच्या वाटीचं वेड आहे. ती फरशीवर आपटतो, या हातातून त्या हातात घेतो, आवाज बदलला की थांबून ऐकतो. दुपट्याखाली वाटी झाकली की आधी नुसता बघत राहायचा. आता दुपटं ओढून वाटी काढतो आणि माझ्याकडं बघून हसतो. नजरेआड झालेली वस्तू असते, हे त्याला उमगलं आहे. कोणत्याही बॅटरीच्या बदकानं त्याला हे शिकवलं नसतं, कारण तिथं सगळं बदकच करतं.

वॉकरबद्दलही लिहायलाच हवं, कारण आमच्याकडं तो मानाचा आहेर झाला आहे. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. वॉकरमधलं लेकरू चवड्यांवर ढकलत सुसाट जातं आणि आपल्याकडच्या घरांना उंबरठे, ओटे, पायऱ्या, शेजारी चूल. त्यानं चालणंही लवकर येत नाही. त्यापेक्षा आपला पांगुळगाडा शंभरपट बरा. लेकरू आपल्या पायांवर उभं राहतं तेव्हाच तो उपयोगी पडतो, आणि तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. सुताराकडून रंधा मारून, कोपरे गोल करून, रंग न देता घ्यावा. मोठं माणूस जवळ हवंच.

यात्रा भरवणाऱ्या जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे: खेळण्यांची पालं एकदा तपासून घ्या, आणि शिक्का कसा ओळखायचा याचा मराठी फलक त्या गल्लीच्या तोंडाशी लावा. हस्तकला आयुक्तालयाकडं नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. आपल्या भागात पांगुळगाडे करणारे सुतार आहेत, गोधड्या शिवणाऱ्या बचत गटाच्या बाया आहेत. बटणाऐवजी दोऱ्यानं डोळे भरलेली कापडी बाहुली त्या सहज शिवतील. त्यांची नोंदणी करून देऊन यात्रेत एक रांग त्यांच्यासाठी ठेवली, तर पहिलं गिऱ्हाईक मी असेन.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. लोहा, जि. नांदेड