काडी रुजली, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या दूरच्या बेटावरील नामशेष होत आलेल्या वनस्पतीची काडी रोपवाटिकेत रुजली, की ‘वनस्पती वाचली’ अशी बातमी वाचायला मिळते. ती वाचून आनंद मलाही होतो. पण छाटकलमाला मुळे फुटणे आणि ती जात पुन्हा स्वतःच्या बळावर उभी राहणे यांत किती अंतर असते, हे अशा बातमीत क्वचितच येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावर ‘कॅफे मारों’ नावाचे कॉफीच्या कुळातील एक झुडूप होते. ते कधीच नष्ट झाले, असे सारे मानून चालले असताना १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलाने त्याची फांदी शिक्षकांना आणून दाखवली. झाड एकच उरले होते. बोभाटा होताच औषधी म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले, तेव्हा त्याला कुंपण घालावे लागले. आणि त्या कुंपणामुळेच त्याच्याकडे अधिक लोकांचे लक्ष गेले, हा त्यातला विनोद. १९८६ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात पाठवलेल्या काड्यांपैकी एक रुजली. तिच्यापासून आणखी कलमे झाली, ती फुललीही. पण बी काही धरेना. अखेर कार्लोस मॅग्दालेना या उद्यानतज्ज्ञांनी फुलाच्या कुक्षीचा (पराग झेलणाऱ्या भागाचा) शेंडा कापून त्या ताज्या छेदावर परागकण ठेवण्याचा प्रयोग चिकाटीने चालवला आणि २००३ मध्ये बी असलेले फळ हाती आले. काडी रुजल्यापासून बी मिळेपर्यंत सतरा वर्षे गेली, आणि तोवर त्या उद्यानाकडे होती ती एकाच झाडाची प्रतिरूपे.

त्याच २००३ साली दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावरचे ‘ऑलिव्ह’ (नावापुरतेच ऑलिव्ह, कूळ निराळे) कायमचे गेले. रानातले शेवटचे झाड १९९४ मध्ये मेले होते. या झाडाला स्वतःच्या परागाने फळ जवळपास धरतच नसे. जी थोडी रोपे झाली, ती बुरशीने व वाळवीने संपवली. मेहनतीत कसूर झाली, असे मला म्हणता येत नाही. काम हाती घेतले तेव्हा परागासाठी दुसरे झाडच उरले नव्हते, इतकेच. त्याच बेटावरच्या ‘एबनी’ या झुडपाची कथा सुदैवी आहे. १९८० मध्ये एका कड्यावर तिची दोन झुडपे सापडली आणि त्यांच्या कलमांतून पुढे हजारो रोपे झाली. मात्र या हजारोंचा वंश त्या दोनच झुडपांचा आहे, आणि तिथल्याच ‘रेडवूड’ या नातलग झाडाशी तिचा सहज संकर होत असल्याने बी गोळा करताना ते शुद्ध आहे की नाही, हे पाहावेच लागते.

मला म्हणायचे आहे ते हे, की एखाद्या जातीची पन्नास-शंभर झाडे रानात उभी असतानाच तिचे कलम करायला घ्यावे. तेव्हा निरनिराळ्या झाडांची काडी व बी घेता येते आणि कोणते रोप कोणत्या मातृवृक्षाचे, याची नोंदवही ठेवता येते. हे वहीचे काम कंटाळवाणे असते, त्याचे छायाचित्रही निघत नाही. पण चिठ्ठी हरवलेले रोप कुंडीत कितीही टवटवीत दिसले, तरी पैदाशीच्या दृष्टीने त्याचे मोल निम्म्यावर येते. बेटावर परत लावलेली रोपे शेळ्या आणि तण यांच्यापासून पुढे कितीतरी वर्षे राखावी लागतात, तो खर्चही आरंभीच धरलेला बरा.

मॉरिशसच्या क्युरपीप उद्यानात ताडाच्या कुळातील एका जातीचे जगातले एकमेव झाड कित्येक वर्षे एकटे उभे आहे. त्याला फांद्या नाहीत, त्यामुळे काडी घेण्याची सोयच नाही. बियांतील गर्भ प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, पण ती रोपे मातीत जगली नाहीत.

तेव्हा यापुढे अशी बातमी छापताना रोपे किती मातृवृक्षांपासून केली आणि त्यांनी बी धरले का, हे दोन प्रश्न आपल्या बातमीदाराने अवश्य विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक