फोटो चुकला, तारा मावळला

विस्मृतीत गेलेल्या मूकपट-ताऱ्यांवरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. आवाज बोलपटाला चालला नाही म्हणून ते मावळले, हे त्यातले सरसकट कारण मात्र पटले नाही.

१९२७ चा ‘टू अरेबियन नाइट्स’ घ्या (इथे ‘नाइट’ म्हणजे रात्र नव्हे, सरदार!). जर्मन युद्धकैदी छावणीतून निसटलेले दोन अमेरिकी सैनिक अरबस्तानात पोचतात, एकाच तरुणीवर भाळतात, अशी ही धमाल प्रेमकथा. तिच्यासाठी लुईस माइलस्टोन यांना पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तो पुन्हा कधी दिलाच गेला नाही.

नायिका मेरी ॲस्टर यांचा आवाज चाचणीत जाड ठरला खरा, पण पुढे ‘द ग्रेट लाय’साठी त्यांनी ऑस्कर पटकावले. नायक विल्यम बॉइड यांना आडवे आले ते नामसाधर्म्य. १९३१ मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या नटाला अटक झाली आणि वृत्तपत्रांत फोटो छापला गेला यांचा. स्टुडिओने करार मोडला. १९३५ मध्ये ‘हॉपअलाँग कॅसिडी’ हा काउबॉय हाती आला, तेव्हा कुठे त्यांचे दिवस पालटले. बोलपटातच, हे विशेष.

– एक वाचक, पुणे